तापलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर : जुन्या पेट्रोल गाडीतील निदानाचा आढावा

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा पेट्रोल इंजिनातून निघणारे वायू सायलेन्सरकडे जाण्याआधी निर्धोक करणारा भाग आहे. गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘कॅट’ किंवा ‘जाळी’ म्हणतात. स्टेनलेस स्टीलच्या डब्यात कॉर्डिएराइट या सिरॅमिकची, मधाच्या पोळ्यासारखी आरपार छिद्रे असलेली वीट बसवलेली असते. साधारणपणे दर चौरस इंचाला ४०० छिद्रे असतात. छिद्रांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा खरखरीत थर आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण असतात. या कणांवरून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून नायट्रोजन सुटा होतो.

हे काम सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियसला सुरू होते. इंजिन नीट चालत असताना विटेचे तापमान बहुधा ४०० ते ८०० अंशांच्या दरम्यान राहते. म्हणजे कन्व्हर्टर तापणे हा बिघाड नाही, ती त्याची गरज आहे. बिघाड सुरू होतो तो साधारण ९०० अंशांच्या पुढे. तिथे धातूचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि काम करणारा पृष्ठभाग कायमचा घटतो. १४०० अंशांच्या आसपास वीटच वितळू लागते, छिद्रे बुजतात आणि निकासाचा मार्ग कोंडतो.

बुलढाण्यातील जुनी गाडी

भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याच वेळी तिथे शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करण्यात आले, कारण पेट्रोलमधील शिसे धातूच्या कणांवर बसून कन्व्हर्टर निकामी करते. देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले ते २००० साली. उत्सर्जन मानकांचा पुढचा क्रम डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २००२ च्या अहवालात आखून दिला : भारत स्टेज-२ देशभर २००५ पासून, स्टेज-३ देशभर २०१० पासून आणि निवडक शहरांत त्यापुढचे टप्पे आधी.

या ‘शहरे आधी’ धोरणाचा परिणाम निदानावर आजही होतो. एप्रिल २०१० मध्ये स्टेज-४ लागू झालेल्या १३ शहरांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर होती. बुलढाणा जिल्ह्याला स्टेज-४ चे पेट्रोल आणि गाड्या बंधनकारक झाल्या त्या १ एप्रिल २०१७ पासून. मारुती ८०० ही गाडी या १३ शहरांत २०१० मध्ये बंद झाली, पण इतरत्र जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत विकली जात होती. पैनगंगेकाठच्या देऊळघाटसारख्या गावात त्यामुळे दोन प्रकारच्या जुन्या गाड्या दिसतात. एक, एमएच-२८ क्रमांकाची, जिल्ह्यातच नवी घेतलेली स्टेज-२ किंवा ३ ची गाडी. दुसरी, पुण्या-मुंबईत काही वर्षे चालून सेकंडहँड आलेली गाडी. स्वतःच्या उत्सर्जनावर नजर ठेवणारी ओबीडी प्रणाली भारतात स्टेज-४ बरोबर आली. म्हणून एकाच वर्षी बनलेल्या दोन गाड्यांपैकी शहरातून आलेलीला स्कॅनर लावला तर दोषाचा कोड मिळतो, आणि जिल्ह्यात घेतलेली बरेचदा काहीच सांगत नाही. अशा, जिल्ह्यात घेतलेल्या गाडीचे निदान हाताने आणि साध्या मोजमापांनीच करावे लागते.

उष्णता कुठून येते

कन्व्हर्टर स्वतःहून तापत नाही. त्याच्यात उष्णता निर्माण होण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी पोचाव्या लागतात : न जळलेले इंधन आणि ते जाळायला ऑक्सिजन. निदानाची सगळी मांडणी या एका वाक्यावर उभी आहे.

प्रमाणाचा अंदाज असा. निकासवायूत एक टक्का कार्बन मोनॉक्साइड असेल आणि तो पुरेशा ऑक्सिजनबरोबर जळाला, तर वायूचे तापमान ढोबळमानाने ८५ ते ९० अंशांनी वाढते. तीन सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरला ठिणगीच मिळाली नाही, तर त्या सिलिंडरने ओढलेले सगळे पेट्रोल आणि सगळी हवा तशीच कन्व्हर्टरमध्ये जाते. इंजिनाच्या एक तृतीयांश मिश्रणाचे ज्वलन मग विटेत होते. तापमान काही मिनिटांत शेकडो अंशांनी चढते.

नुसते जास्त पेट्रोल एवढे धोकादायक नसते. सर्वच सिलिंडर सारखे ‘रिच’ चालत असतील तर निकासात ऑक्सिजन जवळजवळ नसतो; गाडी काळा धूर सोडते, अ‍ॅव्हरेज घटते, पण विटेत फारसे जळत नाही. त्यात कुठून तरी हवा मिळाली की चित्र बदलते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटलेले असणे, पाइपाला कन्व्हर्टरच्या आधी चीर असणे, एखादे सिलिंडर मिसफायर करणे ही हवेची नेहमीची वाट असते.

इंजेक्शनच्या गाडीत यावर आणखी एक गुंतागुंत होते. मिसफायर करणाऱ्या सिलिंडरची न वापरलेली हवा ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचते. सेन्सर ती पाहून मिश्रणात पेट्रोल कमी आहे असे कळवतो आणि कंट्रोल युनिट सर्वच सिलिंडरांना पेट्रोल वाढवते. चांगल्या सिलिंडरांतून आता कार्बन मोनॉक्साइड येतो, बिघडलेल्यातून हवा, आणि दोन्ही विटेत भेटतात. म्हणून एका सैल प्लग-वायरने तापलेल्या गाडीचा सेन्सर किंवा इंजेक्टर बदलून उपयोग होत नाही.

लक्षणे

चालकाला पहिले लक्षण बहुधा पायाखाली जाणवते : गाडीच्या तळाची चटई नेहमीपेक्षा गरम होणे, तळाला लावलेल्या रबरी लेपाचा जळका वास येणे. सडक्या अंड्यांसारखा वास हा हायड्रोजन सल्फाइडचा असतो. पेट्रोलमधील गंधक विटेत साठते आणि मिश्रण रिच झाले की या रूपात बाहेर पडते. स्टेज-३ च्या पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा दर दहा लाख भागांत १५० भाग होती, स्टेज-६ मध्ये ती १० आहे. त्यामुळे हा वास पूर्वीइतका तीव्र येत नाही, आणि तो न येणे म्हणजे दोष नसणे असे धरता येत नाही.

अंधारात कन्व्हर्टरचा डबा लालसर दिसणे ही निश्चित खूण आहे. पोलाद अंधारात मंद लाल दिसू लागते ते ५०० ते ५५० अंशांच्या सुमारास, ठळक लाल ७०० ते ७५० ला आणि नारिंगी ९०० च्या आसपास. बाहेरचा पत्रा विटेपेक्षा थंड असतो. म्हणून बाहेरून ठळक लाल दिसणाऱ्या डब्याच्या आत वीट धोक्याच्या पातळीला पोचलेली असते.

चढावर पिकअप मरणे, इंजिन न गाजता गुदमरल्यासारखे चालणे हे पुढच्या टप्प्याचे लक्षण. मलकापूरकडून राजूर घाट चढून बुलढाण्याला येताना खाली ठीक असलेली गाडी मध्यावर दम सोडते, कारण भार वाढला की निकासाचे प्रमाण वाढते आणि अर्धवट बुजलेल्या विटेतून ते सुटत नाही. डब्यावर रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर आत खडखड वाजली, तर वीट तुटलेली असते.

यात आगीचा धोका वेगळा लक्षात ठेवावा लागतो. सोयाबीन किंवा गहू रस्त्यावर पसरून मळणी करण्याची पद्धत असलेल्या भागात काड गाडीच्या तळाला गुंतते. उन्हाळ्यात ज्ञानगंगा अभयारण्यालगत वाळलेल्या गवतात गाडी उभी केली तर तेही तळाला टेकते. वाळलेले काड-गवत पेटायला कन्व्हर्टर बिघडलेला असावाच लागतो असे नाही, पण बिघडलेला असेल तर वेळ फार कमी मिळतो. कन्व्हर्टर लालसर झालेली गाडी मोकळ्या, कोरड्या मातीवर उभी करावी. तापलेल्या डब्यावर पाणी ओतू नये. वीट तडकते आणि वाफेने भाजते.

आधी मोजावे

पहिले काम दोष खरा आहे का हे पाहण्याचे. इंजिन पूर्ण तापल्यावर मिनिटाला २५०० फेऱ्यांवर दोन-तीन मिनिटे चालवून कन्व्हर्टरच्या तोंडाशी आणि शेवटाशी इन्फ्रारेड थर्मामीटरने तापमान घ्यावे. चकचकीत स्टीलवर हे यंत्र खरे तापमान सांगत नाही, कमी दाखवते. त्यामुळे गंजलेली जागा किंवा वेल्डिंगचा सांधा निवडावा, अथवा उष्णतारोधक काळ्या रंगाचा ठिपका लावून त्यावर मोजावे. दोन्ही टोकांना एकाच प्रकारचा पृष्ठभाग हवा.

शेवटचे टोक तोंडापेक्षा थोडे अधिक गरम, साधारण ५० अंशांपर्यंत, असेल तर विटेत नेहमीचे काम चालू आहे. फरक १०० अंशांच्या बराच पुढे गेला तर विटेत जास्तीचे इंधन जळत आहे. तोंड अतिशय गरम आणि शेवट बराच थंड असेल तर वायू पुढे जात नाही, वीट बुजलेली आहे. दोन्ही टोके जवळपास सारखी असतील तर वीट मृत असू शकते. अगदी स्वच्छ चालणाऱ्या इंजिनातही फरक कमी मिळतो, म्हणून हा निष्कर्ष दुसऱ्या चाचणीशिवाय काढू नये.

बुजल्याची खात्री व्हॅक्यूम गेजने करता येते. समुद्रसपाटीला चांगले इंजिन आयडलवर १७ ते २१ इंच पारा एवढे व्हॅक्यूम दाखवते. दर हजार फूट उंचीला सुमारे एक इंच घट धरावी लागते. बुलढाणा परिसर दोन हजार फुटांच्या आसपास असल्याने तिथे १५ ते १९ इंच हे योग्य वाचन ठरते. पुस्तकातील आकडा जसाच्या तसा लावला तर चांगले इंजिनही दोषी ठरते. २५०० फेऱ्यांवर धरून ठेवल्यावर काटा आयडलच्या पातळीवर न थांबता हळूहळू खाली येत राहिला, तर निकास कोंडलेला आहे. अधिक थेट उपाय म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावणे. आयडलवर दाब दीड पीएसआयच्या आत आणि २५०० फेऱ्यांवर तीनच्या आत हवा.

ठिणगीपासून सुरुवात

मोजमापाने अति उष्णता सिद्ध झाली की शोध इंजिनाकडे वळतो. क्रम ठिणगी, इंधन, सेन्सर, मग यांत्रिक दोष असा ठेवणे सोयीचे, कारण पहिल्या दोन पायऱ्यांवर खर्च कमी आणि दोष सापडण्याची शक्यता जास्त.

सर्व प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने मांडावेत. चांगला प्लग फिकट तपकिरी असतो. एकच प्लग काळा व ओला असेल तर त्या सिलिंडरला ठिणगी मिळत नाही. सगळेच कोरडे काळे असतील तर मिश्रण रिच आहे. तेलकट थर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बोट दाखवतो. एकच प्लग इतरांपेक्षा अस्वाभाविक स्वच्छ, धुतल्यासारखा असेल तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट गळत असण्याचा संशय घ्यावा. त्यानंतर वायर, डिस्ट्रिब्यूटर कॅप व रोटर किंवा कॉइल पाहावी. रात्री बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवल्यास चिरलेल्या वायरीतून सुटणारी ठिणगी डोळ्यांना दिसते. डिस्ट्रिब्यूटरच्या गाडीत टायमिंग उशिरा बसले असेल तर मिश्रण सिलिंडरमध्ये पूर्ण न जळता निकासात जळत राहते. प्लग चांगले असूनही मॅनिफोल्ड लाल होते.

चालू इंजिनावर एकेक प्लगची वायर ओढून कोणते सिलिंडर ‘मेले’ ते ओळखण्याची मिस्त्रींची जुनी पद्धत कन्व्हर्टर असलेल्या गाडीत घातक आहे. वायर ओढली की त्या सिलिंडरचे पेट्रोल सरळ विटेवर जाते. इंजेक्शनच्या गाडीत त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढावा, म्हणजे त्या सिलिंडरमधून नुसती हवा जाते. कार्बोरेटरच्या गाडीत वायर काढावीच लागली तर काही सेकंदांत परत लावावी आणि दोन चाचण्यांमध्ये इंजिन नीट चालू द्यावे.

इंधनाची बाजू

कार्बोरेटरच्या गाडीत चोक अडकलेला असणे, फ्लोटची सुई न बसणे आणि हवेचा फिल्टर चोंदणे ही रिच मिश्रणाची पहिली कारणे. इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून वास घ्यावा. तिथे पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर आतला पडदा फाटला आहे आणि पेट्रोल थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढले जाते. इंजिन बंद केल्यावर प्रेशर झपाट्याने उतरत असेल तर इंजेक्टर ठिबकतो आहे का ते पाहावे.

भेसळीचे पेट्रोल हे वेगळे कारण. रॉकेलची वाफ पेट्रोलपेक्षा कठीणपणे होते आणि ते उशिरा जळते. त्याचा न जळलेला भाग निकासात जातो, प्लगवर आणि विटेवर काजळी बसते. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा परिणाम उलट्या दिशेचा आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने कार्बोरेटरच्या गाडीचे मिश्रण पातळ होते. ते फार पातळ झाले की ठिणगी पडूनही पेट घेत नाही, आणि अशा ‘लीन मिसफायर’ने कन्व्हर्टर तितकाच तापतो. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी ही तूट बऱ्याच अंशी भरून काढते. टाकी रिकामी होईपर्यंत गाडी चालवली तरी शेवटचे काही क्षण असाच लीन मिसफायर घडतो.

चालवण्याच्या दोन सवयी यातच मोडतात. बॅटरी उतरली की गाडी धक्का मारून चालू करताना, इंजिन पेट घेईपर्यंतचे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये साठते. दुसऱ्या बॅटरीला केबल लावून चालू करणे योग्य. दुसरी सवय पेट्रोल वाचवण्यासाठी किल्ली बंद करून, गाडी गिअरमध्ये ठेवून घाट उतरण्याची. ज्या कार्बोरेटरमध्ये इंधन तोडणारा सोलेनॉइड नाही किंवा बिघडला आहे, तिथे इंजिन ठिणगीविना पेट्रोल ओढत राहते आणि पायथ्याशी किल्ली फिरवली की साठलेले सगळे एकदम पेटते. ब्रेकला मिळणारे व्हॅक्यूम व सुकाणू यांच्या दृष्टीनेही ही सवय जिवावरची आहे.

सेन्सर आणि यांत्रिक दोष

कूलंट तापमानाचा सेन्सर थंडच दाखवत राहिला तर कंट्रोल युनिट पेट्रोल वाढवलेलेच ठेवते. अनेक गाड्यांत त्याचा रोध २० अंशांना सुमारे अडीच किलो-ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. मल्टीमीटरने गरम पाण्यात बुडवून तो तपासता येतो. ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज गरम इंजिनावर ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वर-खाली व्हायला हवे. एका जागी थांबले किंवा फार मंद हलले तर सेन्सर थकला आहे. पण व्होल्टेज खालीच चिकटले असेल तर सेन्सर बदलण्याआधी मिसफायर आणि मॅनिफोल्डची गळती तपासावी. ओबीडी असलेल्या गाडीत पी ०३०० ते पी ०३०४ हे मिसफायरचे, पी ०१७२ रिच मिश्रणाचा आणि पी ०४२० कन्व्हर्टरची क्षमता घटल्याचा कोड. पी ०४२० बरोबर मिसफायरचा कोड असेल तर मिसफायर आधी सोडवायचा. कन्व्हर्टरचा कोड हा त्याचा परिणाम असण्याचीच शक्यता अधिक.

ठिणगी आणि इंधन निर्दोष असूनही सिलिंडर मरत असेल तर कॉम्प्रेशन मोजावे. जळलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिश्रण अर्धवट जाळून सोडतो. तेल खाणाऱ्या इंजिनातले फॉस्फरस आणि हेड गॅस्केटमधून आलेल्या कूलंटमधील क्षार विटेवर थर बनवतात. ही विषबाधा उष्णतेने नव्हे तर आच्छादनाने मारते, पण थरामुळे वाट अरुंद होते आणि शेवटी तापमानही वाढते.

पीयूसी केंद्राचे आकडे हे या सर्व तपासणीला स्वस्त पूरक साधन आहे. आयडलवर स्टेज-२ व ३ च्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. स्टेज-४ ला ती ०.३ टक्के व २०० पीपीएम. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन जास्त असेल तर मिसफायर. मोनॉक्साइड जास्त असेल तर रिच मिश्रण. मात्र चालू कन्व्हर्टर इंजिनाचा दोष झाकतो. त्यामुळे तापलेल्या गाडीची पीयूसी ‘पास’ झाली म्हणून इंजिन निर्दोष ठरत नाही.

बदलणे, कापणे आणि कायदा

वीट बुजलेली किंवा फुटलेली निघाली तर ती दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. नवा कन्व्हर्टर महाग असल्याने डबा कापून आतली जाळी काढून टाकण्याचा स्वस्त उपाय काही ठिकाणी सुचवला जातो. निघालेल्या विटेतील मौल्यवान धातूंमुळे भंगारात तिला भावही मिळतो. हा बदल बेकायदा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ नोंदीपासून वेगळे फेरबदल करता येत नाहीत आणि २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ नुसार अशा फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीच्या वेळी तपासणीत ही गाडी अडकते. तांत्रिक तोटाही आहे : जाळी काढली तरी न जळलेले पेट्रोल येतच राहते, फक्त ते पुढे सायलेन्सरमध्ये फुटते.

नवा कन्व्हर्टर गाडीच्या इंजिनाला व उत्सर्जन टप्प्याला जुळणारा असावा. तो बसवण्याआधी मूळ कारण दूर झाल्याचा पुरावा हातात हवा : सर्व सिलिंडर सारखे चालतात, प्लगचा रंग योग्य आहे, कूलंट व तेल घटत नाही. बसवल्यावर पहिल्याच दिवशी दोन्ही टोकांची तापमाने आणि आयडलचे व्हॅक्यूम मोजून लिहून ठेवावे. काही आठवड्यांनी चढाच्या रस्त्यावर भार देऊन आल्यावर तीच मोजमापे पुन्हा घ्यावीत. टोकांमधील फरक वाढलेला नसेल तर निदान बरोबर होते. वाढला असेल तर इंधन आणि हवा अजूनही कुठून तरी एकत्र पोचत आहेत, आणि शोध पुन्हा ठिणगीपासून सुरू करावा लागतो.